वेण्णारकाठचा वाकडा मंडप

पंगुनीचं, म्हणजे तमिळ फाल्गुन-चैत्राचं, ऊन चढायला लागलं, कडुलिंबाचा फुलोरा सायकलींच्या सीटवर पडायला लागला, की तंजावरात लोखंडी पाइपांचा खणखणाट सुरू होतो. लॉरी येते, दोन माणसं वर चढतात आणि या रस्त्यावर कुणी राहतच नाही अशा थाटात एकेक पाइप खाली टाकतात. मग ते पाइप एकमेकांना आवळायचे, वर गुलाबी-पिवळं नायलॉन ताणायचं, कडेनं झालर, आणि दारात प्लास्टिकच्या केळी. ज्या मुलुखात कालव्याकालव्याला केळ उभी आहे, तिथं प्लास्टिकची केळ! माझी बायको खिडकी लावून घेते. आवाज आत येऊ नये म्हणून नाही, माझं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून.

"सुरू होऊं नका आतां," ती म्हणते.

मी सुरू होतो. दरवर्षी होतो. इमारती आखून पोट भरणारा माणूस मी, त्यातही लाकडाच्या नादी लागलेला. त्यामुळे पाइपांवर रागावण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो. खरं सांगायचं तर राग पाइपांचा नाहीच. पंगुनीत जन्मलेला एक मंडप होता. त्याचा आहे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते. गच्च्यांवर मोठमोठ्या थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसल्या होत्या. आणि गावाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक नवं कल्याण मंडपम, म्हणजे तुमच्याकडचं मंगल कार्यालय, चकचकीत फरशी घालून गिऱ्हाइकाची वाट बघत होतं. मी तेव्हा पुण्याहून परतलो होतो. तिथल्या एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत काही वर्षं काढली होती. पुणेकर माझं मराठी ऐकून आधी हसायचे आणि मग "किती गोड!" म्हणायचे. हसणं परवडलं, ते गोड म्हणणं परवडत नव्हतं. आमच्या घरी 'कुठे'ला 'कोठें' म्हणतात, 'मी सांगितलं'ला 'मी सांगितलों' म्हणतात, 'रे'ला 'दा' म्हणतात, आणि मध्येमध्ये तमिळ शब्द ताटातल्या लोणच्यासारखे येतात. इरेला पेटून मी पुण्यात देवनागरी शिकलो. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकलो आणि परत आलो तो खांद्याला झोळी, डोक्यात लाकूड आणि जिभेवर 'आपली अक्षरं' घेऊन. असा माणूस घरात आला की घरच्यांनी थोडे दिवस दुर्लक्ष करावं. आमच्या घरच्यांना ते सुचलं नाही.

तिरुवैयारूच्या रस्त्यानं निघालं की वेण्णार नदी लागते. तिच्या काठी आमच्या तंजावरी मराठी लोकांचा एक लहानसा मठ आहे. मागे करंजांची रांग, पुढे मोकळं मैदान. रामनवमीचा उत्सव त्या मैदानात व्हायचा. भात केव्हाच कापलेलं, शेतात उडीद, कालवे कोरडे, आणि मैदानावर सुरूच्या वाशांचा, झावळ्यांच्या छपराचा मांडव. झावळ्यांचा तो कोमट, हिरवा वास, पानकातल्या वेलदोड्याचा वास, आणि घामेजलेल्या रेशमाचा. माझ्या नाकापुरती रामनवमी एवढीच होती. पण झावळ्या पेट घेतात. आसपास कुठंकुठं तसं झालंही होतं, आणि असल्या मांडवाला परवानगी मिळणं अवघड होत चाललं होतं. उत्सवाचे सेक्रेटरी गुंडूमामा पेशानं वकील. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "आतां कल्याण मंडपम धरूं. पंखे आहेत, बाथरूम आहे, माइक आहे. काय कमी?"

"आभाळ," मी म्हणालो.

असली उत्तरं द्यायची खोड मला पुण्यानं लावली.

पुढे मी जे भाषण केलं ते आठवलं की आजही पायाची बोटं आक्रसतात. नारळाचं झाड म्हातारं झालं की फळ धरत नाही, शेतकरी ते पाडतो आणि जाळतो. ताडाचंही तेच. तसलीच झाडं घ्यायची, कालव्याला पाणी असतं तेव्हा बुडवून ठेवायची म्हणजे कीड लागत नाही, मग त्यांचे खांब, तुळया, छपराच्या कैच्या करायच्या. एक खिळा नाही. खाचेत कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, आणि कुसवात खुंटी. खांब मातीत पुरायचे नाहीत, दगडी उथळ्यांवर ठेवायचे, म्हणजे वाळवी पोचत नाही. वर जाड सुती ताडपत्री. उत्सव झाला की सगळं सुटं करून मठात रचून ठेवायचं, पुढच्या वर्षी पुन्हा उभारायचं. दरवर्षी नवी झाडं तोडणं नाही, जाळणं नाही. नातवंडं म्हातारी होईपर्यंत तोच मंडप.

शांतक्का आमच्या भजनाचा मुख्य गळा. तिच्या आवाजाला सगळं गाव भ्यायचं, गाण्यातल्याही आणि बोलण्यातल्याही. ती म्हणाली, "नातवंडं? आधी लग्न कर दा."

बैठक हसली आणि विषय संपलाच होता. तेवढ्यात अप्पा बोलले. माझे वडील. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, इंग्रजी आणि गणित शिकवायचे, आणि बैठकीत कधी तोंड उघडायचे नाहीत. "करूं द्या त्याला," ते म्हणाले. "मी सांगतों. माझा शब्द."

गुंडूमामांनी वकिली डोळ्यांनी एकदा अप्पांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "हेडमास्तर, तुमचा शब्द म्हणून. नाहीं तर मंडपम."

अप्पांनी मला त्याआधी कधी शाबासकी दिलेली आठवत नाही. पहिल्यांदा दिली ती अशी, सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव तारण ठेवून. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी वाटेत मला उसाचा रस पाजला, बास.

मग त्या लाकडानं माझा जीव खाल्ला. नारळाचं खोड बाहेरून दगड आणि आतून भिजलेला कोंडा. करवती दर थोड्या वेळानं बोथट व्हायच्या आणि आसारी, म्हणजे आमचा सुतार, माझ्याकडे असं बघायचा, जणू नारळ मीच निर्माण केला. ताडाचे काळे तंतू बोटात घुसले की आठवडाभर ठणकायचं. पण तासलेल्या खोडावरून हात फिरवला की काळ्यात तांबूस रेघा दिसायच्या आणि सगळं क्षणभर माफ व्हायचं. पहिली कैची उभी राहिली त्या दिवशी उत्सवाच्या समितीला बोलावलं, आणि मजबुती दाखवायला धोतरासारखी वेष्टी नेसलेला मी स्वतः तिला लोंबकळलो. कैचीनं दम धरला. वेष्टीनं धरला नाही.

"लाकूड बरं आहे दा," शांतक्का दुसरीकडे बघत म्हणाली, "कापडाचं काय करणार, तें सांग."

इथवर ठीक होतं. माझी खरी कमाल पुढे आहे. हातानं केलेली खाच आणि हातानं केलेलं कुसू, प्रत्येक जोड आपल्यापुरता. एका खांबाची तुळई दुसऱ्यात बसत नाही. म्हणून खुणा हव्यात. आसारी लोक पटाशीनं चिरा मारतात, एक चीर, दोन चिरा, तीन चिरा. मी म्हटलं, छे! अक्षरं कोरू. आपली अक्षरं. रामाचा मंडप, म्हणून प्रत्येक खांबाला रामायणातलं एकेक नाव. दशरथ, भरत, सुमित्रा, मारुती. तुळईच्या टोकावर ती कुणाकडे जायची त्याचं नाव, शिवाय 'वर', 'खाली', 'डावे', 'उजवे'. शत्रुघ्न कोरताना आसारीची पटाशी मोडली. बिचाऱ्यानं कागदावरची आकृती बघून चित्रासारखं कोरलं होतं सगळं.

अक्षरं बघायला समितीतले सगळे आले. गुंडूमामांनी कोरीव रेषेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज जड झाला. "आपलीं अक्षरं," ते म्हणाले. दुसऱ्यांनी मान हलवली. "आपलीं अक्षरं!" अप्पा चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. हे काय लिहिलंय असं एकानंही विचारलं नाही. मी समजलो, न विचारता कळलं. मी समजलो म्हणजे काय, मी हवेत होतो. तीनशे वर्षं या मुलुखात राहून आमच्या लोकांनी जपलेली भाषा मी ताडाच्या खोडावर कोरून परत दिली, असं काहीतरी मला वाटत होतं. झोळीवाल्यांना असं वाटतं.

पहिल्या वर्षी मंडप उभारला तेव्हा मी जागेवर होतो. खुंट्या अशा बसल्या की ठोकताना गोड आवाज यायचा. उत्सवाच्या दिवशी ताडपत्रीखालून वारा इकडून तिकडे मोकळा जात होता, एक खार रामजन्म होईपर्यंत सुमित्रेवरून भरतावर धावत होती, आणि शांतक्काचा आवाज भिंतीवर न आपटता उडदाच्या शेतांवरून पार कालव्यापलीकडे गेला. तिथं म्हशी धुणारी माणसं थांबून ऐकत होती. मग अप्पांनी रेशमी रुमालातून रामजन्माची पोथी काढली आणि नेहमीप्रमाणे वाचली. मी शेजारी बसलो होतो. मध्ये एकदा त्यांच्या बोटांनी चुकून दोन पानं एकदम उलटली, पण ओवी कुठं अडखळली नाही, सरळ पुढे गेली. काय तयारी आहे, मी मनात म्हटलं.

पानक पिता पिता गुंडूमामांनी अट घातली. "बरं झालं. पण तूं असतांस म्हणून झालं. पुढच्या वर्षी तूं नसून उभा राहिला पाहिजे. तरच हा कायम. नाहीं तर मंडपम."

"उभा राहील," मी म्हणालो. "ज्याला वाचतां येतं त्या कोणालाही येईल."

एवढं वाक्य बोलून मी पानकाचा दुसरा पेला घेतला. काय ती ऐट!

दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम पापनाशमला एका शाळेच्या छपराचं काम काढून बसलो आणि उत्सवाच्या आदल्या दुपारी बसनं परतलो. वेण्णारच्या पुलावरूनच मंडप दिसला. कुठल्याही गोष्टीला मी वाकडं म्हणायला तयार नसतो. वास्तुरचनेत त्याला दुसरे शब्द आहेत. पण हा वाकडा होता. लग्नात जास्त जेवलेला व्याही भिंतीला टेकतो तसा एका बाजूला टेकलेला. जवळ गेलो. कुसवं तासून खाचांत कोंबलेली, जिथं बसली नाहीत तिथं काथ्यानं बांधलेली. एक कैची उलटी. मारुतीच्या जागी कैकेयी, भरताच्या डोक्यावर सुमित्रेची तुळई. आणि मधोमध, सगळ्यांत जाड खांबावर, दशरथ डोकं खाली पाय वर.

सगळी समिती सावलीत उभी होती.

"अक्षर पाहूनच लावलों," गुंडूमामा म्हणाले.

"सगळे होतों आम्ही," आणखी कुणी म्हणालं.

मंडप बांधायला आलेला दोरवाला घाम पुसत होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "हेडमास्तर सारांनी एकेक वाचून सांगितलं. हे वर, हे खाली. आम्ही तसंच लावलं."

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा कोरड्या नदीकडे बघत होते.

आणि मग ती दोन पानं एकदम उलटली. माझ्या डोक्यात. पोथी त्यांना पाठ येत होती, त्यांच्या अप्पांकडून ऐकून, अथपासून इतीपर्यंत. वाचायची वेळच कधी आली नव्हती. आणि देवनागरी कुणी शिकवली असती त्यांना? शाळा तमिळ, कचेरी इंग्रजी. भजनाच्या वह्यासुद्धा आमच्याकडे तमिळ लिपीत, शब्द मराठी. यात लाजण्यासारखं काय होतं? पण ते लाजत होते, सगळेच, आयुष्यभर, एकमेकांच्या पाठीआड. दुसऱ्याला येत असेल, या समजुतीवर अख्खी समिती चालली होती. आणि कुणालाच येत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं असणार. ते तरी कसे म्हणतील, मला येत नाही? त्यांनी तर माझ्यासाठी शब्द टाकला होता.

वकील माणसाला गप्प बसवत नाही. "सेतू," गुंडूमामा मला म्हणाले, "सरळ सांग. अक्षरं चुकलीं, कीं लावणारे चुकले? लावणारे चुकले असतील तर सोडूं, संध्याकाळपर्यंत फिरून लावूं. अक्षरंच चुकलीं असतील तर मग हा धंदा नको. मंडपम आहेच."

संध्याकाळपर्यंत सहज झालं असतं हो! मी समोर, दोरवाले तयार, लाकूड मजबूत. तासलेल्या कुसवांना पाचरी मारल्या असत्या. एक वाक्य बोलायचं होतं. लावणारे चुकले. पण लगेच दुसरा प्रश्न आला असता, कोण चुकलं, आणि दोरवाल्यानं त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. पन्नास माणसांसमोर दशरथ उलटा उभा होता आणि तो कुणी उभा केला ते मैदानातल्या प्रत्येकानं ऐकलं होतं. लाकूड फुगलं म्हणावं, तर मामा म्हणणार, मग दरवर्षी फुगेल. दोरवाल्यावर ढकलावं, तर तो काय ऐकून घेणार, आणि का ऐकून घ्यावं त्यानं?

अप्पांनी अजून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्या वेष्टीच्या काठाला ताडाचा भुसा लागला होता. सकाळपासून उभे असणार.

"अक्षरं चुकलीं," मी म्हणालो. "माझीच. कोरतांना उलटंपालटं झालं."

मग सावलीतून असा हशा उठला की करंजावरची पाखरं उडाली. सुटका झाल्यावर माणसं हसतात तसा, पोटातून. गुंडूमामा डोळे पुसत होते. शांतक्का म्हणाली, "पुण्याला जाऊन हेंच शिकून आलास? लाखों लोक आहेत तिथें, एकाला तरी विचारायचं."

मीही हसलो. हसताना दात एकमेकांवर घासत होते. माझ्या हातून आजवर झालेल्या चुकांची रांग लावली तर ती मठापासून पुलापर्यंत जाईल, पण हा मंडप तीत नाही. त्यात एक खाच चुकलेली नव्हती. एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

उत्सव मंडपममध्ये झाला. फिनेलचा वास, पंख्यांची घरघर, शांतक्काचा आवाज माइकमधून फाटून चारी भिंतींवरून परत येतोय, आणि दाराशी कुठल्याशा थंड पेयाचं तोरण. तेव्हापासून उत्सव तिथंच होतो. लाकूड लोकांनी नेलं. भरत कुणाच्या तरी गोठ्यात आहे, कैकेयीवरून लोक पाट ओलांडतात. म्हणजे टिकलं, बघा. टिकाऊच होतं.

आणि मला एक गोष्ट मिळाली सांगायला. लग्नामुंजीत पंगत बसली की कुणीतरी म्हणतंच, "सेतू, तें वाकड्या मंडपाचं सांग!" मी सांगतो. उलटा दशरथ, तुटलेली पटाशी, सुटलेली वेष्टी. कसा मी गाढव, कसं मी स्वतःचीच अक्षरं उलटी कोरली. माणसं ताटावरून कोलमडतात. मी इतक्या वेळा आणि इतकं रंगवून सांगितलंय की नवी पिढी ते खरं मानते. काम द्यायला आलेला एखादा मुलगा भीतभीत विचारतो, "अंकल, खुणा इंग्लिशमध्ये करणार ना?" तेव्हा मात्र घरी येऊन मी कशावर तरी ओरडतो. बायकोवर नाही. पंख्यावर.

इथं लिहितोय ते एवढ्याच धीरावर, की ज्यांनी वाचू नये त्यांना हे वाचता येत नाही. हेही एक वैतागाचंच आहे.

अप्पांना मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी काढलं नाही. पोथी ते शेवटपर्यंत 'वाचत' राहिले. बऱ्याच वर्षांनी, पंगुनीतच, मंडपममध्ये माइक शिट्ट्या मारत होता म्हणून आम्ही दोघं बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. ते थकले होते तेव्हा. रस्त्यावर पाइपांची लॉरी रिकामी होत होती. बराच वेळ त्यांनी ते बघितलं.

"तुझा मंडप नीट होता," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी? इथं? आत अख्खी समिती बसलीय, माइक चालू आहे, आणि हे मला एकट्याला सांगताय, लॉरीच्या आवाजात?

"आतां सांगतांत?" मी म्हणालो. सूर चांगला नव्हता माझा.

"आतां तरी सांगितलों कीं," अप्पा म्हणाले आणि उठायला माझ्याकडे हात पुढे केला. मी तो धरला, त्यांना उभं केलं, आणि रागातच आत घेऊन गेलो. वाचायची वेळ झाली होती.